मातृवंशीय मालमत्ता आणि पुरुषांचे देशांतर : पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ गावाचे एक आकलन

प्रस्तावना :

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात, बुकित बारिसान या पर्वतरांगेच्या परिसरात, मिनांगकाबाऊ समाजाची गावे वसलेली आहेत. हा समाज इस्लाम धर्माचा निष्ठावान अनुयायी आहे. परंतु त्याचे कूळ, घर आणि वडिलार्जित म्हणावी अशी जमीन मात्र आईकडून मुलीकडे जाते. जगातील मातृवंशीय समाजांमध्ये लोकसंख्येच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा समाज मानला जातो. इंडोनेशियाच्या २०१० च्या जनगणनेत ६४ लाखांहून अधिक लोकांनी आपली ओळख मिनांगकाबाऊ अशी नोंदविली. त्यांपैकी सुमारे ४२ लाख लोक पश्चिम सुमात्रा प्रांतात राहत होते. याचा अर्थ असा की, या समाजातील साधारणतः तीनपैकी एक व्यक्ती आपल्या मूळ प्रदेशाबाहेर होती.

या आकडेवारीतून मिनांगकाबाऊ ग्रामजीवनाची दोन वैशिष्ट्ये समोर येतात. एक, जमीन आणि घर स्त्रियांच्या वंशात स्थिर राहते. दोन, पुरुष गाव सोडून दूर जातात. ही दोन वैशिष्ट्ये परस्परांपासून वेगळी नसून एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. जमीन हलत नाही म्हणून पुरुष हलतो, आणि पुरुष बाहेर कमावतो म्हणून जमीन न विकता टिकते. यांपैकी एक बाजू ढळली तर दुसरीचे काय होते, हा आज तेथील गावांपुढील खरा प्रश्न आहे.

१. गावाची घडण :

मिनांगकाबाऊ गावास 'नगारी' असे म्हणतात. हा शब्द संस्कृत 'नगरी' या शब्दापासून आलेला असून मालमत्तेसाठी वापरला जाणारा 'हर्ता' हा शब्दही संस्कृत 'अर्थ' या शब्दाशी जोडला जातो. यात आश्चर्य नाही. चौदाव्या शतकात या प्रदेशावर राज्य करणाऱ्या आदित्यवर्मन या राजाचे संस्कृत शिलालेख आजही ताना दातार जिल्ह्यात पाहावयास मिळतात. शब्द संस्कृत असला तरी नगारी हे शहर नव्हे. अनेक वाड्यांचे मिळून बनलेले, स्वतःची सीमा, स्वतःचे रान आणि स्वतःची पंचसभा असलेले ते एक ग्रामराज्यच होय. त्यातील वाडीस 'जोरोंग' म्हणतात. मशीद, सभागृह, रस्ता आणि सार्वजनिक स्नानाची जागा असल्याखेरीज वस्तीस नगारी म्हणवून घेता येत नाही, असा जुना संकेत आहे.

परंपरेने या प्रदेशाचे दोन भाग मानले जातात. ताना दातार, आगाम आणि लिमा पुलुह कोता हे डोंगराळ अंतर्भागातील तीन 'लुहाक' म्हणजे समाजाचे मूळ स्थान होय. त्यापलीकडील किनारा व खोरी म्हणजे 'रान्ताउ'. मारापी ज्वालामुखीच्या उतारावरील पारियांगान हे आद्य गाव होते, अशी आख्यायिका आहे. या ज्वालामुखीच्या राखेने येथील जमीन सुपीक केली आणि पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे शक्य केली. तोच ज्वालामुखी संकटही आणतो. डिसेंबर २०२३ मधील उद्रेकात २४ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले, तर मे २०२४ मध्ये अतिवृष्टीमुळे उतारावरील ज्वालामुखीय राळ वाहून येऊन आलेल्या पुरात साठहून अधिक बळी गेले.

नगारीतील प्रत्येक व्यक्ती जन्मतःच आईच्या कुळाची असते. या कुळास 'सुकू' म्हणतात. कोतो, पिलियांग, बोदी आणि चानियागो ही चार मूळ कुळे समजली जातात. पुढे त्यांच्या अनेक शाखा झाल्या. एकाच कुळात विवाह होत नाही. कुळाच्या आत एका आजीपासून निघालेला गट असतो. त्यास 'पारुइक' म्हणजे 'उदर' असे अर्थपूर्ण नाव आहे. या गटाचा प्रमुख पुरुष 'पेंघुलू' असून त्यास 'दातुक' ही पदवी असते. हे पद वडिलांकडून मुलाकडे जात नाही. ते मामाकडून भाच्याकडे जाते. मामास 'मामाक' आणि भाचरांस 'कमानाकान' म्हणतात. मराठी घरातही मामाचे स्थान जिव्हाळ्याचे आहे. परंतु येथे ते केवळ लाडाचे नाही. बहिणीच्या मुलांचे शिक्षण, विवाह आणि गटाच्या जमिनीची देखरेख ही मामाची जबाबदारी मानली जाते.

२. घर आणि घरातील पुरुष :

या व्यवस्थेचे दृश्य रूप म्हणजे 'रुमाह गदांग' अर्थात मोठे घर. खांबांवर उचललेले, म्हशीच्या शिंगांप्रमाणे वर वळलेल्या छपराचे हे लाकडी घर एका मातृवंशीय गटाचे असते. घराच्या पुढील बाजूस लांबलचक मोकळी ओसरी, मागील बाजूस ओळीने खोल्या आणि अंगणात भाताची कोठारे अशी त्याची रचना असते. या खोल्या विवाहित मुलींसाठी असतात. नवविवाहित मुलीस टोकाची खोली मिळते. पुढे धाकट्या बहिणीचा विवाह झाला की थोरली आपली खोली तिच्यासाठी रिकामी करून शेजारच्या खोलीत सरकते. अशा रीतीने स्त्रीचे आयुष्य एकाच छपराखाली, परंतु एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पुढे जाते.

मुलांसाठी मात्र या घरात खोली नसते. जुन्या रिवाजानुसार मुलगा जाणता झाला की तो रात्री 'सुराउ' येथे झोपावयास जाई. सुराउ म्हणजे कुळाचे छोटे प्रार्थनागृह. तेथे कुराणपठण, स्वसंरक्षणाची 'सिलाट' ही विद्या आणि वडीलधाऱ्यांच्या गोष्टी यांतून त्याचे शिक्षण होई. विवाहानंतर तो पत्नीच्या घरी जाई. परंतु तेथे त्याचे स्थान 'सुमांदो' म्हणजे बाहेरून आलेल्या जावयाचे असे. मराठीत 'घरजावई' या शब्दाला जी उपहासाची छटा आहे ती येथे लागू पडत नाही, कारण येथे प्रत्येक विवाहित पुरुष जावई म्हणूनच राहतो आणि सासरी त्याला त्याच्या पदवीनेच संबोधले जाते. तरीही त्याचे पाय तेथे घट्ट रोवलेले नसतात. जावई म्हणजे खुंटावरची राख, वारा आला की उडून जाईल, अशा आशयाची म्हण त्या समाजात रूढ आहे.

थोडक्यात, पुरुषाची दोन घरे असतात आणि त्यांपैकी एकातही त्याची स्वतःची खोली नसते. आईच्या घरात तो अधिकारी असतो, पण रहिवासी नसतो. पत्नीच्या घरात तो रहिवासी असतो, पण अधिकारी नसतो. गावापासून दूर जाण्याची वाट या दोन घरांच्या मधूनच सुरू होते.

३. मालमत्तेचे प्रकार :

मिनांगकाबाऊ रूढीनुसार वारशाचे दोन भाग पडतात. पद, पदवी आणि मान यांस 'साको' म्हणतात, तर जमीन, घर व दागिने यांस 'पुसाको' म्हणतात. साको पुरुषांकडून मामा-भाचा या रेषेत जाते. पुसाकोचा उपभोग स्त्रियांच्या रेषेत राहतो. यामुळे सत्ता आणि संपत्ती एकाच हाती एकवटत नाहीत. सभेत बोलणारा पेंघुलू ज्या जमिनीविषयी बोलतो, ती जमीन त्याच्या बहिणी कसत असतात आणि त्यांच्या संमतीशिवाय तिचा व्यवहार करता येत नाही.

भौतिक मालमत्तेचे पुन्हा तीन प्रकार समजून घ्यावे लागतात.

(अ) 'पुसाका तिंग्गी' म्हणजे उच्च वारसा : अनेक पिढ्यांपासून गटाकडे असलेली भातखाचरे, घराची जागा आणि मोठे घर यांचा यात समावेश होतो. ही मालमत्ता कोणा एकाची नसते. तिचे वाटप होत नाही. केवळ वहिवाट वाटून दिली जाते. प्रत्येक विवाहित स्त्रीस काही खाचरे कसण्यासाठी मिळतात. या वहिवाटीस 'गंग्गाम बाउन्तुआक' म्हणतात. ती तिच्या मुलींकडे पुढे जाते. परंतु मालकी गटाचीच राहते.

(आ) 'पुसाका रेंदाह' म्हणजे कनिष्ठ वारसा : एकदोन पिढ्यांपूर्वी कोणीतरी स्वतः मिळविलेली आणि आता वारशाने आलेली मालमत्ता.

(इ) 'हर्ता पेंचारियान' म्हणजे स्वकष्टार्जित मालमत्ता : पतिपत्नींनी व्यापार, नोकरी किंवा नवी जमीन लागवडीखाली आणून मिळविलेली संपत्ती.

उच्च वारसा विकणे रूढीस मान्य नाही. अडचणीच्या काळी ती जमीन गहाण टाकता येते. तेही चारच कारणांसाठी. मोठ्या घराचे छप्पर गळू लागले, घरात उपवर मुलगी असून विवाहास पैसा नाही, घरात मृतदेह असून अंत्यविधीची सोय नाही, अथवा रिकामे पडलेले पेंघुलूपद पुन्हा भरावयाचे आहे, ही ती कारणे होत. या गहाण-व्यवहारास 'पगांग गदाई' म्हणतात. मराठी वाचकास परिचित असलेल्या ताबेगहाणाशी त्याचे बरेच साम्य आहे. पैसे देणारा जमीन कसतो आणि पीक घेतो. मूळ रक्कम परत केली की जमीन सोडतो. येथील विशेष असा की, परतफेडीची मुदत सहसा ठरलेली नसते. पिढ्या लोटल्या तरी मूळ गटाचा सोडवणुकीचा हक्क बुडत नाही. चार कारणांची यादी पाहिली असता असे दिसून येते की, व्यक्तीची गरज त्यांत कोठेच नाही. चारही कारणे घराच्या प्रतिष्ठेशी निगडित आहेत.

तीन प्रकारांमधील भिंत कायमची नाही, हा या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. एखाद्या दुकानदाराने कमाईतून खाचर घेतले आणि ते मुलींना दिले, तर ती प्रथम स्वकष्टार्जित मालमत्ता असते. मुलींच्या हाती ती कनिष्ठ वारसा होते. मुलींच्या मुलींनी ती न वाटता एकत्र ठेवली की कालांतराने तीच उच्च वारसा बनते. अशा प्रकारे बाहेरून आलेला पैसा दोनतीन पिढ्यांत आईच्या वंशाची जमीन होतो. फ्रान्झ फॉन बेंडा-बेकमान यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात येथील मालमत्तेचा विचार सामाजिक सातत्याच्या अंगाने केला, तो याच कारणास्तव उद्बोधक ठरतो.

४. 'मेरान्ताउ' : गाव सोडण्याची रीत :

तरुण पुरुषाने नशीब, विद्या किंवा अनुभव मिळविण्यासाठी गाव सोडणे यास 'मेरान्ताउ' म्हणतात. हे स्थलांतर केवळ दारिद्र्यातून होत नाही. गावात राहिलेला अविवाहित तरुण अजून कोणाच्या उपयोगाचा नाही, त्याने बाहेर जाऊन काहीतरी होऊन यावे, अशी समाजाचीच अपेक्षा असते. कसावयास स्वतःची जमीन नाही, झोपावयास स्वतःची खोली नाही आणि विवाहापूर्वी सभेत मान नाही, अशा स्थितीतील तरुणास प्रवास हाच प्रौढत्वाचा मार्ग ठरतो.

जपानी अभ्यासक त्सुयोशी काटो यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात या देशांतराची तीन रूपे सांगितली आहेत. पहिल्या रूपात लोकसंख्या वाढली की गटाचा एक भाग बाहेर पडून नवे गाव वसवीत असे. मलेशियातील नगरी सेम्बिलान हे राज्य अशाच वसाहतींतून घडले. तेथे १७७३ मध्ये पगारुयुंगच्या राजघराण्यातील राजपुत्रास राजा म्हणून बोलाविण्यात आले आणि मातृवंशीय रूढी तेथे आजही काही प्रमाणात पाळली जाते. दुसऱ्या रूपात एकटा पुरुष काही महिने वा वर्षे बाहेर राहून परत येई. तिसऱ्या रूपात पतिपत्नी मुलांसह शहरात कायमचे स्थायिक होतात. यास 'रान्ताउ चिनो' म्हणजे 'चिनी पद्धतीचे देशांतर' असे म्हटले जाते, कारण दूर जाऊन तेथेच राहणारे अशी चिनी व्यापाऱ्यांची प्रतिमा होती. समाजशास्त्रज्ञ मोख्तार नाइम यांनीही १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या देशांतराचा सविस्तर वेध घेतला आहे.

प्रवासाची साधने बदलत गेली तसे देशांतराचे स्वरूपही बदलले. डोंगरातील गावातून किनाऱ्यावर जाण्यासाठी पूर्वी पायवाटा आणि घोडी यांचाच आधार होता. डच राजवटीने १८४७ पासून १९०८ पर्यंत येथे सक्तीची कॉफी लागवड राबविली. १८९१ मध्ये पादांगपासून आनाइ खोऱ्याच्या चढावरून दातेरी रुळांच्या साहाय्याने बुकितिंग्गीपर्यंत रेल्वे पोहोचली. १९०८ मध्ये सक्तीच्या लागवडीची जागा रोख कराने घेतली. त्याविरुद्ध कामांग व मांगोपोह येथे उठाव झाले. कर पैशांत द्यावयाचा, तर पैसा मिळेल तेथे जाणे भाग होते. १९५८ मध्ये पादांग येथे केंद्र सरकारविरुद्ध पर्यायी सरकार घोषित झाले. १९६१ पर्यंत चाललेल्या त्या संघर्षात पराभव पदरी आल्यावर असंख्य कुटुंबांनी जाकार्ताची वाट धरली. पुढे सुमात्रा महामार्ग सुधारला आणि बस व फेरीबोटीने जावा बेट गाठणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. २००५ मध्ये पादांगनजीक नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. त्यास मिनांगकाबाऊ असेच नाव आहे. २०१३ मध्ये पायाकुम्बुहच्या पूर्वेस 'केलोक संबिलान' म्हणजे नऊ वळणांच्या घाटावर उंच पूल खुला झाल्याने रिआउ प्रांताकडील वाहतूक सुकर झाली. दुसरीकडे बुकितिंग्गीपर्यंत मात्र आता रेल्वे धावत नाही.

बाहेर गेलेल्या पुरुषांनी प्रामुख्याने व्यापार, शिवणकाम, खाद्यगृहे आणि बुद्धिजीवी व्यवसाय यांत जम बसविला. इंडोनेशियाच्या बहुतेक शहरांत आढळणारी 'पादांग' खाद्यगृहे आणि जाकार्तातील तानाह आबांग बाजारातील कापडाची दुकाने ही त्याची परिचित उदाहरणे होत. मसाले आणि नारळाच्या दुधात तासन्तास आटविलेले 'रेन्दांग' हे मांस अनेक दिवस टिकते, म्हणून ते प्रवाशाची शिदोरी समजले जाते. इंडोनेशियाच्या राष्ट्रीय चळवळीतही या लहानशा प्रदेशाचा वाटा मोठा होता. पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हत्ता, पहिले पंतप्रधान सुतान शाहरीर, तान मालाका आणि हाजी आगुस सालीम हे सर्व मिनांगकाबाऊ होते आणि सर्वांचे कार्यक्षेत्र गावाबाहेर होते. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. कोतो गदांग या गावातील रोहाना कुदुस यांनी १९११ मध्ये स्त्रियांसाठी हस्तकलेची संस्था स्थापन केली आणि १९१२ मध्ये स्त्रियांचे वृत्तपत्र सुरू केले.

दूर गेला म्हणून पुरुषाचे नगारीशी असलेले नाते तुटत नाही. शहरांतून गावोगावच्या मंडळांची स्थापना झालेली आहे. मशिदीची दुरुस्ती, शाळा, रस्ता, गरजूंचे शिक्षण यांसाठी ही मंडळे पैसा पाठवितात. ३० सप्टेंबर २००९ रोजी झालेल्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपात अकराशेहून अधिक लोकांचा बळी गेला. त्या वेळीही अशा मंडळांनी मदत पाठविली. ईदच्या सुमारास एका गावचे लोक ठरवून वाहनांच्या ताफ्याने गावी येतात. यास 'पुलांग बसामो' म्हणजे 'एकत्र परतणे' असे म्हणतात. गणपती वा शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांमुळे कोकणातील गाव जसे भरून जाते, तसेच हे दृश्य असते.

५. धर्म आणि रूढी यांतील तडजोड :

इस्लामी वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी या दोघांचेही हिस्से ठरलेले असतात. भाच्यांना असा हक्क नसतो. त्यामुळे मातृवंशीय वारशाला धर्माच्या अंगाने आव्हान मिळणे अपरिहार्य होते. १८०३ च्या सुमारास मक्केहून परतलेल्या तीन हाजींच्या प्रेरणेने पाद्री चळवळ उभी राहिली. रूढीचे पक्षपाती आणि सुधारक यांच्यातील संघर्षात डच सत्तेने हस्तक्षेप केला. १८३७ मध्ये तुआंकू इमाम बोंजोल पकडले गेल्यानंतर या युद्धाचा शेवट झाला. रूढी धर्मावर आधारलेली आहे आणि धर्म कुराणावर, हे सूत्र या संघर्षातून रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मक्केत इमाम असलेले शेख अहमद खातीब यांनी मातृवंशीय वारशावर कठोर टीका केली. ते स्वतः मिनांगकाबाऊच होते.

यातून निघालेला मार्ग व्यवहार्य होता. १९५२ मध्ये बुकितिंग्गी येथे धर्मपंडित, कुळप्रमुख आणि सुशिक्षित यांच्या परिषदेत असे ठरले की, उच्च वारशास रूढी लागू राहील आणि स्वकष्टार्जित मालमत्तेस इस्लामी वारसा कायदा लागू होईल. १९६८ मध्ये पादांग येथील चर्चासत्रानेही हीच दिशा कायम ठेवली. उच्च वारसा ही मृत व्यक्तीची मालमत्ताच नव्हे, ती गटाची ठेव आहे. सबब तिच्या वाटपाचा प्रश्न उद्भवत नाही, असा या तडजोडीमागील युक्तिवाद आहे.

भारतीय अनुभवाशी तुलना केल्यास या तडजोडीचे महत्त्व लक्षात येते. केरळमधील नायर समाजातही मातृवंशीय 'तरवाड' होते. तेथे विसाव्या शतकातील कायद्यांनी व्यक्तिगत वाटपाचा हक्क दिला आणि १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच संपुष्टात आली. मिनांगकाबाऊ समाजाने वाटपाची मागणी नव्या संपत्तीपुरती मान्य केली आणि जुनी जमीन तिच्यापासून अलग ठेवली. त्यामुळे पित्याचे मुलांवरील प्रेम आणि मामाचे भाच्यांप्रती कर्तव्य यांस स्वतंत्र जागा मिळाली.

६. राज्यसंस्था आणि जमीन :

धर्माशी तडजोड झाली, तरी आधुनिक राज्यसंस्थेशी असलेला पेच अधिक गुंतागुंतीचा आहे. १९७९ च्या ग्रामप्रशासन कायद्याने संपूर्ण देशात जावा बेटाच्या धर्तीवर एकसारखी 'देसा' ही ग्रामरचना लागू केली. पश्चिम सुमात्रात १९८३ मध्ये तिची अंमलबजावणी झाली. सरकारी अनुदान प्रत्येक देसामागे मिळत असल्याने नगारी मोडून तिच्या प्रत्येक वाडीस स्वतंत्र देसा ठरविण्यात आले. पाचशेहून अधिक नगारींचे तीन हजारांहून अधिक देसा झाले. अनुदान वाढले, परंतु समाईक रान, पाणी आणि कुळांची सभा ज्या सीमेत नांदत होती ती सीमाच प्रशासनातून नाहीशी झाली. १९९८ मध्ये सुहार्तो यांची राजवट संपल्यानंतर प्रांताने २००० च्या नियमाने नगारीची पुनःस्थापना केली.

जमिनीबाबत १९६० चा मूलभूत कृषिकायदा रूढिगत सामूहिक हक्क मान्य करतो. मात्र ते राष्ट्रीय हिताशी सुसंगत असले पाहिजेत, अशी अट घालतो. या अटीचा परिणाम पश्चिम पासामान भागातील तेलताडाच्या मळ्यांत दिसून आला. रूढीनुसार बाहेरच्यास वापरण्यास दिलेली जमीन वापर संपताच गावाकडे परत येते. राष्ट्रीय कायद्यानुसार मात्र मळ्यासाठी लागवडहक्क देताना गावाचा हक्क संपल्याचे धरले जाते आणि मुदत संपल्यावर ती जमीन राज्याच्या अखत्यारीत जाते. जमीन उसनी दिली असे गावकरी समजत होते. कागदावर ती कायमची गेली होती. अनेक वादांचे मूळ या दोन समजुतींतील अंतरात आहे.

खाचरांच्या नोंदणीतही अशीच जोखीम आहे. सामूहिक जमिनीचे प्रमाणपत्र घेताना गटाची वंशावळ आणि सदस्यांची संमती आवश्यक मानली जाते. तरीही प्रमाणपत्र गटाच्या वारसप्रमुख मामाच्या नावे निघाल्यास देखरेख करणारा पुरुष कागदोपत्री मालक दिसू लागतो. बँकेस कर्जासाठी, खरेदीदारास व्यवहारासाठी हा कागद पुरेसा वाटतो. ज्या स्त्रिया ती जमीन कसतात त्यांचा हक्क लोकांच्या स्मरणात असतो. कागदावर तो असेलच असे नाही. महाराष्ट्रातील वाचकास ही अडचण परकी वाटू नये. घरातील पुरुष शहरात आणि शेत बाईच्या श्रमावर, परंतु सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, हे चित्र येथेही परिचित आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. येथे रूढीने नाकारलेला हक्क कायद्याने देऊ केला. तेथे रूढीने दिलेला हक्क कागदाने निसटण्याची भीती आहे.

७. आजचे प्रश्न :

या पार्श्वभूमीवर मिनांगकाबाऊ स्त्रीच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पेगी रीव्ह्ज सॅन्डे यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात या समाजास मातृसत्ताक म्हणण्याचे समर्थन केले. अर्थात सत्ता म्हणजे वर्चस्व नव्हे, तर सामाजिक जीवनाचे केंद्रस्थान, अशी त्यांची भूमिका आहे. सभेतील पद पुरुषांकडेच असल्याने 'मातृवंशीय' हाच शब्द योग्य होय, असे इतरांचे मत आहे. एवढे मात्र निश्चित की, पती परत आला नाही, घटस्फोट झाला वा वैधव्य आले, तरी स्त्रीस घर सोडावे लागत नाही. आर्थिक सुरक्षिततेचा हा आधार पतीच्या मर्जीवर अवलंबून नाही. मुलगी जन्मास न आल्यास वंश संपला असे समजले जाते, यावरून मुलीचे मोल किती आहे हे ध्यानात येते.

हा आधार आज तीन बाजूंनी सैल होत आहे. पहिली बाजू अशी की, पतिपत्नी मुलांसह शहरात स्थायिक झाल्याने मुलींनाही गावातील खोलीची गरज उरत नाही. गावात उरलेले लोक लहान, स्वतंत्र घरे बांधतात आणि अनेक मोठी घरे समारंभापुरती उघडली जातात किंवा मोडकळीस येतात. दुसरी बाजू अशी की, मुलांचे पालनपोषण आता प्रामुख्याने पिता करतो. मामाचे कर्तव्य विवाह आणि पदग्रहण यांच्या प्रसंगापुरते राहते. तिसरी बाजू अशी की, नवी संपत्ती शहरातील घर, दुकान वा बँकेतील ठेव या स्वरूपात असते. ती वाटून घेणे सोपे असते. त्यामुळे कमाईचे वारशात आणि वारशाचे सामूहिक जमिनीत रूपांतर होण्याची जुनी प्रक्रिया मंदावते.

याउलट काही प्रवाह व्यवस्थेस बळकटी देणारेही आहेत. शहरातील मंडळे मोठ्या घरांच्या दुरुस्तीस हातभार लावतात. २०१४ च्या ग्रामकायद्याने रूढीवर आधारित गावांना कायदेशीर स्थान देऊ केले. २०२२ च्या कायद्याने पश्चिम सुमात्रा प्रांताची ओळख सांगताना धर्म आणि रूढी यांच्या सूत्राचा उल्लेख केला. शहरातील अनेक कुटुंबे गावातील आपला हिस्सा नातेवाइकांस अर्धेलीने कसण्यास देतात. पण विकत नाहीत.

समारोप :

मिनांगकाबाऊ नगारीचा अभ्यास असे दर्शवितो की, मालमत्ता आणि प्रवास हे विषय स्वतंत्रपणे समजून घेता येत नाहीत. जमीन स्त्रियांच्या वंशात अविभाज्य राहिली, म्हणून पुरुषांना जगभर जाण्याची मोकळीक आणि निकड दोन्ही मिळाली. पुरुषांची कमाई मुलींच्या हाती येऊन जमीन होत राहिली, म्हणून शेकडो वर्षे पुरुष बाहेर जाऊनही गावे ओस पडली नाहीत. परतण्यासारखे घर असणे हीच या देशांतरातील मुख्य पुंजी होती.

या व्यवस्थेने सक्तीची लागवड, धर्मयुद्ध, पराभूत बंड आणि ग्रामरचनेची मोडतोड हे सर्व पचविले. तिच्यापुढील आजचे आव्हान अधिक सौम्य दिसते. म्हणूनच ते अधिक कठीण आहे. जमिनीच्या प्रमाणपत्रावर कोणाचे नाव लिहिले जाते आणि शहरात वाढलेली मुलगी आजीच्या खाचराकडे कोणत्या नात्याने पाहते, या दोन गोष्टींवर नगारीचे भवितव्य अवलंबून राहील. रूढिगत हक्कांची नोंद करताना पुरुष देखरेखदाराबरोबरच कसणाऱ्या स्त्रियांची नावेही लिहिली जाणे, हा त्या दृष्टीने सर्वांत निकडीचा उपाय ठरतो. स्त्रीचा हक्क रूढीत असो वा कायद्यात, तो नोंदीत उतरल्याशिवाय पुढील पिढीपर्यंत सुरक्षित पोहोचत नाही, हा बोध सुमात्राइतकाच महाराष्ट्रासही लागू पडतो.